न मोजलेला हात

दत्तू,

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या माघारी तुझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ निघाली. त्यात मीही होतो. वराळ्याला तुमच्या ओसरीवर बसून मी चारचौघांत सांगितलं की रेल्वेच्या सिग्नल खात्यात असला फिटर झाला नाही, आणि बिघडलेल्या रेडिओवर तुझ्यासारखा हात चालवणारा अख्ख्या मावळात दुसरा कुणी नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्या बायकोनं, सगुणानं, आतून चहा पाठवला. तो पिऊन मी सायकल काढली आणि तळेगावला परत आलो. जे सांगायला हवं होतं ते कालही माझ्या तोंडून निघालं नाही. रात्रभर त्याचीच चुटपुट लागून राहिली, म्हणून सकाळी उठल्या उठल्या तुला लिहायला बसलो आहे.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. मला तर ती विसरताच येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतलं गॅल्व्हनोमीटर बंद पडलं होतं आणि कुणीतरी तुझं नाव सुचवलं. लोणावळ्याची पाळी संपवून तू तसाच आलास, टोपीसुद्धा काढली नाहीस. मी वर्गात शिकवत होतो. तू यंत्र उचललंस, इकडून तिकडून पाहिलंस आणि सगळ्या वर्गादेखत म्हणालास, "मास्तर, ह्याला काय बी झालं न्हाई. तुमी जोडलंय उलटं." पोरं फिदीफिदी हसली. मी तुझे आभार मानले खरे, पण तो दिवसभर मी तुझ्यावर जळत होतो. माझा हा स्वभाव तुला पुढं चांगलाच कळला. शास्त्र शिकवतो म्हणून मला आपली चूक कबूल करता येते असं लोकांना वाटतं. तुला तसं कधी वाटलं नाही.

त्यानंतर आपली गट्टी कशी जमली कोण जाणे. रविवारी तू यायचास. कधी लोणावळ्याच्या बंगल्यांतून कुणी टाकून दिलेला रेडिओ घेऊन, कधी नुसतंच भांडण घेऊन. इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या तू बोटानं गिरवत वाचायचास, मजकुराकडं ढुंकूनही बघायचा नाहीस. मी मजकूर वाचून दाखवला की म्हणायचास, "त्यात काय, ह्ये चित्रातच लिवलंय की." तुझ्याकडून मी आकृती वाचायला शिकलो, हे मी तुला एकदा म्हणालो होतो. एवढं एक तरी म्हणालो होतो याचं आज बरं वाटतं.

मग आबा पडले. तुझ्या वडिलांची उभी हयात खंडाळ्याच्या घाटात गँगमन म्हणून गेली. खांद्यावर हातोडा टाकून रोज कितीतरी मैल रूळ तपासत चालणारा तो माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात शाबूत राहिला, बाकी सगळं बाजेवर. दुरुस्त केलेल्यांपैकी एक रेडिओ तू त्यांना आणून दिलास, आणि घरावरून लिंबापर्यंत एरियलची लांब तार बांधलीस. आबा खूश झाले, पण चारच दिवस. दिवसा घरात पडून राहायला ते तयार नव्हते. "घरात पडलो तर मेलोच म्हना," असं म्हणून त्यांनी बाज इंद्रायणीकाठच्या शेतात खोपीपाशी न्यायला लावली. लिंबाची तार तिकडं कशी जाणार? म्हणून तू पेटीच्या डोक्यावर हातभर पितळी काडी बसवलीस. बाज जाईल तिकडं रेडिओ जाईल, असा तुझा हिशेब.

पण हातभर काडी ही फार हट्टी वस्तू. आखूड एरियल कंडेन्सरसारखं वागतं, हवेतून आलेला आवाज सहजासहजी पेटीत उतरू देत नाही. शाळेत मी पोरांना हे स्प्रिंग लावलेल्या दाराचं उदाहरण देऊन सांगायचो. दार ताठ असेल तर ठरावीक ठेक्यानं ढकलावं लागतं, तरच ते मोकळं हलतं. त्या ठेक्याला जुळणारं तारेचं वेटोळं एरियलला जोडलं की तेवढं एक स्टेशन खणखणीत लागतं. काटा जरा पुढं सरकवा, ठेका बदलतो, की दार पुन्हा ताठ. मग दोन बटणं फिरवावी लागतात, एक स्टेशन शोधायचं आणि दुसरं एरियल जुळवायचं, तेही दोन्ही एकदम. आबांना हात एकच.

"मी लावून देत जाईन की," असं सगुणा म्हणाली तेव्हा आबा काय म्हणाले ते तू मला दहा वेळा तरी सांगितलं असशील. "एका जागी बसायचं तर ती पेटी कशाला? मला फिरायचंय." त्यांना मुंबई, दिल्ली, मद्रास, त्यापलीकडं न कळणाऱ्या भाषेत बोलणारी माणसं, सगळ्यांच्या दारावरून जायचं होतं, आणि कुणाला हाक न मारता. तू त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून बसलास. एकाच बटणावर, काट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी स्टेशनं सारखी लागली पाहिजेत.

आणि तू ते कसं करायचं ते काढलंस. पेटीतले दोन व्हॉल्व्ह, ते दिव्यासारखे काचेचे, एकमेकांत तिढा घालून जोडायचे, असे की बाहेरून पाहिलं तर ती जोडणी उलट्या कंडेन्सरसारखी वागेल. एरियल जेवढं अडवेल, तेवढंच ती आतून ढकलेल, मग ठेका कुठलाही असो. म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला एक माणूस उभा करायचा, स्प्रिंगच्या बरोबर उलट जोर लावणारा. एका फाटक्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली ती आकृती मला दाखवताना तुझे डोळे चमकत होते.

मी काय केलं? घरी जाऊन गणित मांडलं. पुढच्या रविवारी वही घेऊन वराळ्याला आलो. ओसरीवर आबा होते, शेजारपाजारची पाचसहा माणसं होती, आणि मी भर सभेत सिद्ध करून दाखवलं की आखूड एरियलला एक तर एकच स्टेशन मोठ्यानं लागेल, नाही तर सगळी अगदी बारीक लागतील. दोन्ही एकदम मिळणं अशक्य. 'अशक्य' हा शब्द मी वापरला, चांगला जोर देऊन. आबा म्हणाले, "मास्तर म्हनत्यात तर न्हाईच व्हनार. सोड दत्तू." तू रागावला नाहीस. वहीवर वाकलास, बराच वेळ पाहत राहिलास, मग विचारलंस, "मास्तर, ह्यात व्हॉल्व्ह कुटं हाय?"

मी म्हणालो, "व्हॉल्व्ह असो नसो, गणित तेच."

दत्तू, ते चूक होतं. माझं गणित वेटोळ्यांचं आणि कंडेन्सरांचं होतं. ती बिचारी मिळालं तेवढं साठवतात आणि परत देतात, पदरचं काही घालत नाहीत. त्यांच्यापुरतं माझं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण व्हॉल्व्ह बॅटरीतून स्वतःचा जोर आणतो, तो त्या गणितात बसतच नाही. तू नेमकं तिथंच बोट ठेवलं होतंस. तीन आठवड्यांनी वह्या तपासत बसलो असताना माझ्या हे एकदम ध्यानात आलं. त्याच वेळी उठून वराळ्याला यायला हवं होतं. मी आलोही, पण रविवारी, आणि म्हणालो काय, तर "चल, करून तरी पाहू." तू माझ्याकडं रोखून पाहिलंस. "अन् गनिताचं काय?" मी म्हणालो, "गणित आहे तिथं आहे." तू हसलास आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्या एका हसण्यावर मी आठ महिने निभावून नेलं.

ते आठ महिने मात्र माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. दर रविवारी शाळेची प्रयोगशाळा आपली. लढाईमुळं बॅटऱ्या मिळत नव्हत्या, व्हॉल्व्ह तर औषधालाही नाही. तू जुन्या पेट्यांतून एकेक शोधून आणायचास, सायकलला रुमालात बांधून, लहान मूल आणल्यासारखा. तू कथलाचे डाग द्यायचास, मी मोजायचो. पितळी काडीच्या जागी तिच्याच मापाचा कंडेन्सर जोडून टेबलावर सगळं जुळवायचो. हात जवळ नेला की माप ढळतं, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं, म्हणून तू कळकाची लांब काडी तासून घेतलीस आणि तिच्या टोकानं, दोन हात लांब उभा राहून, कंडेन्सर फिरवायला लागलास. आतला माणूस स्प्रिंगपेक्षा तसूभर जरी जास्त जोर लावायला लागला की दार आपोआप धडाधडा आपटायला लागतं, म्हणजे पेटी शिट्टी मारून किंचाळते. ती किंचाळली की शिपाई कानावर हात ठेवून बाहेर पळायचा. आणि एका रविवारी ती किंचाळली नाही. काटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि माझ्या मीटरची सुई जागची हलली नाही. टोपी काढलीस, डोकं खाजवलंस, पुन्हा टोपी घातलीस. मी तेव्हा तुला मिठी मारायला हवी होती. मी म्हणालो, "वाचन पुन्हा एकदा घेऊ."

पुढच्या रविवारी आपण पेटी शेतावर नेली. बाजेजवळ चौरंगावर ठेवली, पितळी काडी वर काढली. लांबून कळकाच्या काडीनं तू जुळवून घेतलंस. मुंबई लागली, स्वच्छ. आबांच्या चेहऱ्यावरचं हसू मी अजून विसरलो नाही. तू म्हणालास, "फिरवा आबा." आबांनी हात पुढं केला. बटणाला बोटं लागायच्या आतच पेटी अशी किंचाळली की पलीकडं बांधलेली बैलं दावं ओढायला लागली. आबांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला. पेटी गप्प झाली. पुन्हा हात नेला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी तू ओरडलास, "आबा, हात जरा लांब धरा की!"

आबा आपल्या हाताकडं बघत म्हणाले, "माजाच हात वंगाळ हाय म्हनायचा."

तुझं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. शब्द तोंडातून निघून गेले होते आणि परत घेता येत नव्हते. त्या वेळी मला तुझी फार दया आली, आणि मी पेटी बंद केली.

परतीच्या वाटेवर, इंदुरीच्या किल्ल्याची तटबंदी दिसायला लागते तिथं, आपण भांडलो. ते आपलं शेवटचं भांडण असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं, म्हणून आपण ते अगदी सढळ हातानं भांडलो. मी म्हणालो, आतला जोर स्प्रिंगच्या बरोबरीनं ठेवू नकोस, थोडा उणा ठेव, म्हणजे किंचाळणार नाही. तू म्हणालास, उणा का म्हणून? आबांना अर्धवट काम द्यायचं? मी म्हणालो, तू हटवादी आहेस. तेव्हा तू सायकल थांबवलीस. "मास्तर, आज थोडं उनं, उद्या आनखी थोडं उनं, असं करत करत शेवटी तुमच्या गनितालाच येऊन टेकायचं. मग म्हनाल, बग, म्हनलं नव्हतं का?"

दत्तू, तुझी अडचण व्हॉल्व्हची नव्हती, माझी होती. जरासं मागं सरलास तर मी जिंकेन अशी तुला भीती होती. मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं की अरे, ते गणित केव्हाच मोडीत निघालंय, तू जिंकून बसला आहेस, आता खुशाल थोडं उणं ठेव. एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तू मला 'बग' म्हणून वेडावलंस आणि मला राग आला. मी म्हणालो, "तुला करायचं ते कर." तू वराळ्याकडं वळलास, मी तळेगावकडं.

पुढच्या रविवारी तू तापात होतास. मला कळलं ते मंगळवारी. त्याच्या पुढच्या रविवारी तू नव्हतास. आबांना बाजेसकट नदीवर आणलं होतं. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं नाही, सारा वेळ नदीपलीकडं पाहत राहिले. तू तापात काय बोलत होतास हे मी सगुणाला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

इथवर सकाळी लिहिलं आणि तेवढ्यात वराळ्याहून निरोप आला: आबा बोलावतायत. तसाच उठून गेलो. आता संध्याकाळ झाली आहे, आणि दिवसभरात काय घडलं ते तुला सांगायचं आहे.

आबा शेतात खोपीपाशी होते. चौरंगावर तुझी पेटी. सुतकात ती कुणी उघडली नव्हती. मला पाहून ते म्हणाले, "तेरा दिस झालं. आता लावा." मी म्हणालो, "आबा, ती ओरडते." ते म्हणाले, "ठाव हाय मला. तुमी लावा."

मी पेटी उघडली. आत तुझे डाग, कथलाचे ते गोल गोल मणी. मला काही सुचेना. कळकाची काडी उचलली, नेहमीसारखा दोन हात मागं सरलो, आणि तेव्हा मला दिसलं. आठ महिने आपण दोघंही त्या पेटीपासून हात लांब ठेवत होतो. टेबलावर मोजलं ते हाताशिवाय, शेतात जुळवलं ते हाताशिवाय. हात पितळी काडीजवळ आला की एरियलचं माप वाढतं, स्प्रिंग सैल पडते, मग बरोबरीचा जोरही जास्तीचा होतो, हे पोरांना शिकवणाऱ्या मला आणि ते न शिकता जाणणाऱ्या तुला, दोघांनाही पाठ होतं. ज्या एका हातासाठी ही सगळी खटपट, तोच हात आपण कधी मोजला नव्हता.

मी आबांना म्हणालो, "हात बटणावर ठेवा. ती ओरडेल. तरी काढू नका." त्यांनी हात पुढं नेला. पेटी किंचाळली. त्यांनी हात काढला नाही. सगुणा धावत आली, शेजारच्या शेतातली माणसं कुळव सोडून आली. मी कळकाच्या काडीनं आतला कंडेन्सर कणाकणानं फिरवत राहिलो. शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि मग थांबली. तिच्या जागी बाईचा आवाज आला, गात असलेला.

"आता फिरवा," मी म्हणालो.

आबांनी फिरवायला सुरुवात केली. मुंबई गेली, दिल्ली आली. मद्रास आली असावी, बोलणं मला कळलं नाही. मग दोनचार ठिकाणी परक्या भाषा. सगळी सारख्या आवाजात, अगदी टोकापर्यंत. थोडं उणं ठेवावं लागलं, आबांच्या हातापुरतं. बाकी सगळं तू म्हणाला होतास तसंच. आबा त्या टोकाहून ह्या टोकाला आले, पुन्हा गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सगुणानं पदरानं पुसलं. मीही रडत होतो.

मग जमलेल्या माणसांकडं वळून आबा म्हणाले, "ह्ये आमच्या दत्तूनं केलंय. मास्तर म्हनले हुते, न्हाई व्हनार म्हनून."

त्यात टोमणा नव्हता. झालं ते त्यांनी सांगितलं. पण सगळी माणसं माझ्याकडं पाहायला लागली. त्यांतली दोघंतिघं त्या दिवशी ओसरीवरही होती. आम्ही दोघांनी मिळून केलं, असं म्हणायला जीभ अगदी तयार होती. ते खोटंही ठरलं नसतं.

"व्हय," मी म्हणालो, "म्हणालो होतो. माझं गणित चुकलं होतं. दत्तूचं बरोबर होतं. हे मला आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही."

आबांनी पेटीचा आवाज कमी केला आणि माझ्याकडं पाहिलं.

"त्याला तेवढंच ऐकायचं हुतं, मास्तर."

मला माहीत आहे, दत्तू. तू सायकल थांबवून उभा होतास, तेव्हाही मला माहीत होतं.